मायलोपेरॉक्सिडेज किट: रिपरफ्यूजनच्या कामासाठी घ्यावं का?

अडलेलं रक्त पुन्हा वाहू लागलं, म्हणजे रिपरफ्यूजन झालं, की ऊतक वाचतं. पण त्याच रक्ताबरोबर पांढऱ्या पेशीही, मुख्यतः न्यूट्रोफिल, येतात, आणि जे वाचलं असतं त्यातलं थोडंफार त्यांच्यामुळे जातं. त्या किती आल्या हे मोजायचं म्हटलं की परळपासून खारघरपर्यंत एमडी-पीएचडीची मुलं आधी त्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ, या एन्झाइमचं तयार किट मागवतात. हे परीक्षण त्याच किटचं आहे. डब्यावर ‘१०० टेस्ट’ लिहिलेलं, बर्फाच्या पाकिटांसह येणारं, टीएनबी या द्रावणाचा पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरला किती उतरला यावरून एन्झाइम मोजणारं. अशी किटं बऱ्याच कंपन्या विकतात आणि आतल्या बाटल्यांत उन्नीस-बीसचाच फरक असतो, म्हणून कुठल्या एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. माणसाच्या रक्तातून वेगळे काढलेले न्यूट्रोफिल मोजायचे असतील तर बिनधास्त घ्या. उंदराचं हृदय, मूत्रपिंड, आतडं यांसाठी घेणार असाल तर किटच्या पत्रकावर विसंबू नका, ऊतकाची तयारी वेगळी करा. प्लाझ्मासाठी मात्र घेऊ नका.

एमपीओच का मोजायचं, हे आधी नीट समजून घेतलं तर पुढचे आकडे वाचताना फसगत होत नाही. रक्त बंद असताना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी उपाशी राहतात. रक्त परत आलं की काही मिनिटांत त्यांच्या साठ्यातलं पी-सिलेक्टिन हे चिकट प्रोटीन पृष्ठभागावर येतं. वाहता न्यूट्रोफिल त्याला अडखळतो आणि भिंतीलगत गडगडत जातो. मग त्याच्या अंगावरचं सीडी११बी/सीडी१८ हे प्रोटीन अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रोटीनला घट्ट धरतं, पेशी थांबते आणि भिंतीतून पलीकडे शिरते. काही न्यूट्रोफिल तर तिथपर्यंतही पोचत नाहीत. रक्तात तरंगणारा न्यूट्रोफिल साधारण ८ मायक्रॉनचा आणि केशवाहिनी ५ ते ६ मायक्रॉनची. तांबडी पेशी दुमडून सटकन निघून जाते; न्यूट्रोफिलचा गाभा घट्ट असल्यामुळे त्याला अंग चोरायला तिच्या शेकडो पट वेळ लागतो. त्यात अस्तर सुजलेलं आणि रक्ताचा दाब पडलेला, की तो तिथेच बूच होऊन बसतो. मोठी धमनी उघडलेली दिसते, पण पुढच्या ऊतकाला रक्त मिळत नाही. नो-रिफ्लो म्हणतात त्यातला एक भाग हा आहे.

आत शिरलेला न्यूट्रोफिल ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड करतो, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि एमपीओ त्या पेरॉक्साइडला क्लोराइडशी जुळवून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. गच्चीवरची टाकी धुवायला जे ब्लीच वापरतो त्याचाच हा भाऊबंद. त्याच्या जोडीला इलास्टेज आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स असतातच. न्यूट्रोफिलच्या कोरड्या वजनाचा सुमारे ५ टक्के भाग एकट्या एमपीओचा असतो. इतर पेशींत ते फारसं नसतं. मोनोसाइटमध्ये थोडं असतं, पण तो मॅक्रोफेज झाला की बहुतेक नाहीसं होतं. म्हणून ऊतकातलं एमपीओ म्हणजे तिथे आलेल्या न्यूट्रोफिलची हजेरी, असं धरण्याची रीत पडली.

किटची खरी जमेची बाजू इथे आहे. टीएमबी किंवा ऑर्थो-डायअनिसिडिन ही रंग देणारी रसायनं वापरणारी जुनी पद्धत कुठल्याही पेरॉक्सिडेजने रंगते. ऊतकात राहिलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिननेसुद्धा. रिपरफ्यूज केलेल्या ऊतकात रक्त हमखास सांडलेलं असतं, त्यामुळे तिथे नेमका खोटा रंग वाढतो. टीएनबीचं किट हायपोक्लोरस आम्ल तयार झालं का, तेवढंच विचारतं. ते आम्ल टॉरीनशी जुळून टॉरीन क्लोरामीन होतं, आणि टॉरीन क्लोरामीन पिवळ्या टीएनबीला रंगहीन करतं. क्लोरिन जोडण्याचं हे काम एमपीओशिवाय दुसरं एन्झाइम नीट करत नाही. सोबत एबीएएच हा रोधक मिळत असेल तर उत्तमच, नसेल तर वेगळा मागवा. दोन-तीन नमुन्यांत तो घातल्यावर रंग उतरणं थांबलं, तर मोजलं ते एमपीओच होतं. परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर त्यात मिळतं.

आता तक्रारी. पहिली ‘१०० टेस्ट’ची. प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे. टीएनबीच्या स्टँडर्डचे ५ टप्पे दोन-दोनदा, म्हणजे १०. पॉझिटिव्ह कंट्रोल (एमपीओ नक्की असलेली वेल) २, रिएजंट ब्लँक (नमुना न घातलेली वेल) २. उरतात ८२. प्रत्येक नमुना दोनदा आणि त्याचा स्वतःचा ब्लँक (अभिक्रिया न घडवलेला तोच नमुना) दोनदा, म्हणजे नमुन्यामागे ४ वेल. हिशेब २० नमुन्यांवर संपतो. नेहमीचा आराखडा घ्या: शॅम (नुसती शस्त्रक्रिया, रक्त न अडवता), इस्किमिया-रिपरफ्यूजन (रक्त अडवून परत सोडलेलं), औषधाचे दोन डोस, प्रत्येक गटात ६ उंदीर. ते झाले २४. एका किटमध्ये ४ प्राणी बाहेर राहतात, आणि एबीएएचच्या वेल धरल्या तर ५ किंवा ६. खरेदीची नोटशीट टाकतानाच दोन किटं मागा, आणि दोन्ही एकाच लॉटची. नमुन्याचा ब्लँक वाचवून जागा काढायची युक्ती काही जण करतात. ती करू नका. ऊतकातलं ग्लुटाथायोन स्वतःच टीएनबीचं गणित बिघडवतं: उतरलेला पिवळा रंग ते परत आणतं आणि एमपीओ आहे त्याहून कमी दिसतं. ब्लँकशिवाय ही चूक कळायचा मार्गच नाही.

दुसरी तक्रार मोजण्याच्या पद्धतीतच आहे. हे किट वाढलेला रंग मोजत नाही, कमी झालेला मोजतं. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढायचा, म्हणजे दोन्हींतली चूक त्या लहान आकड्यावर येऊन पडते. शॅम गटातलं हृदय अनेकदा शून्याच्या खाली जातं ते त्यामुळेच. ते शून्य धरून पुढे जाऊ नका. नमुना दुप्पट घाला किंवा वेळ ३० मिनिटांवरून ६० वर न्या. उलट टोकाला, रिपरफ्यूजन गटात सगळं टीएनबी संपून वेल पाण्यासारखी होते आणि रीडिंग तळाला चिकटतं. ब्लँकच्या पाचव्या हिश्शाच्या खाली रीडिंग गेलं की नमुना पातळ करून पुन्हा लावावा. स्टॉप मिक्स दोन-तीन मायक्रोलिटरच्या मापात घालायचं असतं, तो थेंब पिपेटच्या टोकाला लटकून राहतो. टोक वेलच्या भिंतीला टेकवून सोडा आणि प्लेट क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. थेंब भिंतीवरच राहिला तर त्या वेलमधली अभिक्रिया थांबतच नाही.

मुंबईची हवा हा वेगळाच विषय. सहारच्या कार्गोतून डबा सुटून परळला येईपर्यंत बर्फाची पाकिटं किती टिकली, हे डबा उघडल्याबरोबर हाताने पाहा. पाकीट मऊ असेल तर त्याच वेळी फोटो काढून वितरकाला कळवा. दोन दिवसांनी कोणी ऐकत नाही. डिलिव्हरी मंगळवार-बुधवारची मागा. शुक्रवारी संध्याकाळी आलेला डबा सोमवारपर्यंत सिक्युरिटीच्या टेबलावर पडून राहू शकतो. गणपतीत लालबाग-परळचे रस्ते गर्दीने भरलेले असतात आणि विसर्जनाच्या दिवशी बंदच, जुलैत हिंदमाताला पाणी साचतं. या अडचणीच्या तारखा वितरकाच्या दिल्ली-बंगळूरच्या कार्यालयाला ठाऊक नसतात, आपणच सांगाव्या लागतात. फ्रीजमधून काढलेली पॉझिटिव्ह कंट्रोलची कोरडी कुपी लगेच उघडू नका. आपल्याकडच्या दमटपणात मिनिटभरात तिच्यावर दव धरतं, आणि झाकण उघडलं की तेच पाणी आतल्या पावडरीत उतरतं. अर्धा तास बंद कुपी टेबलावर ठेवा, बाहेरून पुसा, मग उघडा.

पत्रकात अभिक्रिया २५ अंशांवर करा असं लिहिलेलं असतं. प्लेट रीडर सहसा तापवू शकतो, थंड करू शकत नाही, आणि खोलीच्या तापमानापेक्षा तीन-चार अंश वर गेल्यावरच त्याचा ताबा बसतो. खोली २८ अंशांवर असेल तर २५ मिळणारच नाहीत. मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला की सकाळची प्लेट आणि दुपारची प्लेट यांत एन्झाइमचा वेग वेगळा. यावर सोपा उपाय म्हणजे सगळं काम ३७ अंशांवर करायचं, स्टँडर्ड आणि कंट्रोलसकट, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहायचं.

हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटलीही बघून घ्या. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं चालणार नाही, त्यात स्थिर ठेवणारी द्रव्यं असतात. ३० टक्क्यांची प्रयोगशाळेची बाटली घ्या आणि दर वेळी तपासा: १००० पट पातळ करून, क्वार्ट्झच्या १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये, २४० नॅनोमीटरला. ताज्या बाटलीचं रीडिंग ०.४३ च्या आसपास येतं. ०.३० आलं तर बाटली २१ टक्क्यांवर उतरलेली आहे. प्लॅस्टिकची क्युव्हेट इथे उपयोगाची नाही, ती अतिनील प्रकाश स्वतःच गिळते. पेरॉक्साइड कमी पडलं तर एमपीओ कमी दिसतं हे उघड आहे, पण जास्त झालं तरी कमीच दिसतं, कारण जादा पेरॉक्साइड एमपीओलाच निकामी करतं.

ऊतकाच्या तयारीबाबत पत्रक सहसा एका ओळीत उरकतं: किटच्या बफरमध्ये होमोजेनाइज करा, फिरवा, वरचं द्रावण घ्या. उंदराच्या ऊतकासाठी हे पुरेसं नाही. एमपीओ न्यूट्रोफिलच्या कणिकांत बंद असतं, आणि साध्या बफरमध्ये त्या कणिका बऱ्याचशा गाळासोबत तळाला जातात. म्हणजे जे मोजायचं तेच बेसिनमध्ये जातं. वर उंदराच्या न्यूट्रोफिलमध्ये एमपीओ माणसापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे हा तोटा परवडत नाही. चांगली रीत दोन टप्प्यांची आहे. अवयव काढण्याआधी गार सलाइनने आतलं रक्त धुऊन काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतक पीएच ७.४ च्या २० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये बर्फावर वाटा. यातून थोडा भाग प्रोटीनसाठी बाजूला काढा. बाकीचं ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं फिरवा आणि वरचं पाणी टाकून द्या. हिमोग्लोबिन आणि ग्लुटाथायोन या पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. गाळ पीएच ६.० च्या ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेटमध्ये घ्या, त्यात ०.५ टक्के एचटीएबी हे डिटर्जंट हवं, प्रमाण ५० मिलिग्रॅम ऊतकाला १ मिलिलिटर. दहा-दहा सेकंद तीनदा सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा), तीनदा गोठवून वितळवा, पुन्हा फिरवा. आता वरचं द्रावण कामाचं.

एचटीएबीचा एक खोडसाळपणा हमखास नडतो. साधारण २५ अंशांखाली ते विरघळलेलं राहत नाही. एसीच्या खोलीत रात्रभर ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी सकाळी पांढऱ्या सुया दिसतात, आणि बर्फावर ठेवलेला नमुना दुधासारखा होतो. तसाच प्लेटमध्ये घातला तर तो धूसरपणा रीडर रंग म्हणून मोजतो. बाटली ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून स्वच्छ झाली की मगच घ्या. नमुनाही प्लेटमध्ये घालण्याआधी कोमट करून डोळ्यांनी पाहा. किटच्या बफरमध्ये किमान १० पट पातळ करा, आणि स्टँडर्ड व ब्लँकमध्येही तेवढंच एचटीएबी ठेवा. एचटीएबी असलेल्या नमुन्यावर प्रोटीन मोजायचा ब्रॅडफर्ड लावू नका, तो डिटर्जंटने बिघडतो. प्रोटीनसाठी आधीचा भाग बाजूला काढला तो यासाठीच. सोडियम अझाइड तर कुठल्याच बफरमध्ये नको, ते एमपीओला बंद पाडतं. मूत्रपिंड आणि यकृतात एमपीओ दडपणारी द्रव्यं पुष्कळ असतात. तिथे एचटीएबीतला अर्क ६० अंशांवर २ तास ठेवण्याची रीत आहे. एमपीओ ती उष्णता सोसतं, दडपणारी द्रव्यं सोसत नाहीत.

आणि भागायचं कशाने? बहुतेक प्रबंधांत ‘प्रति ग्रॅम ओलं ऊतक’ असतं. रिपरफ्यूज केलेलं ऊतक सुजलेलं असतं, त्यात पाणी भरलेलं असतं. ओल्या वजनाने भागलं की नेमक्या ज्या गटात न्यूट्रोफिल जास्त, त्याच गटाचा आकडा खाली ओढला जातो. सूज उतरवणारं औषध मग एमपीओ वाढवणारं वाटू लागतं. प्रोटीनने भागा, किंवा शेजारचा तुकडा वाळवून कोरड्या वजनाचा हिशेब लावा. एकाच हृदयावर टीटीसी (मेलेला भाग वेगळा दाखवणारी रंगाची चाचणी) आणि एमपीओ दोन्ही करायची काटकसर नको. टीटीसीचा लाल फॉर्मेझान आणि त्यासोबत वापरतात तो इव्हान्स ब्लू दोन्ही रंग रीडिंगमध्ये मिसळतात. इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला भाग, मोजायला वेगळे प्राणी लागतात, आणि ते नैतिक समितीच्या अर्जात सुरुवातीलाच मागावे लागतात.

पैसे कमी असतील तर घरगुती पद्धत आजही वाईट नाही. ऑर्थो-डायअनिसिडिन डायहायड्रोक्लोराइड ०.१६७ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पेरॉक्साइड ०.०००५ टक्के, पीएच ६.० चा फॉस्फेट बफर. २.९ मिलिलिटर हे आणि ०.१ मिलिलिटर नमुना, ४६० नॅनोमीटरला पहिली दोन-तीन मिनिटं चढण पाहायची. ही रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या विक्रेत्यांमार्फत मागवता येतात, आयात किटची वाट पाहावी लागत नाही. डायअनिसिडिन कर्करोगकारक आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड यांत सवलत नाही. वर सांगितलेलं धुणं काटेकोर केलं तर ही पद्धत गटांतला फरक व्यवस्थित दाखवते. फक्त एबीएएच लावून रंग एमपीओचाच असल्याची खात्री करून घ्या.

किटच्या जाहिरातीत जे कधीच नसतं ते आता. हा आकडा न्यूट्रोफिल आले एवढं सांगतो. नुकसान त्यांनी केलं, हे सांगत नाही. मेलेल्या ऊतकाची साफसफाई करायलाही तेच येतात. १९८३ मध्ये मिशिगनच्या गटाने कुत्र्यांत न्यूट्रोफिलविरोधी सीरम देऊन, ९० मिनिटं धमनी बांधून आणि ६ तास रक्त परत देऊन, इन्फार्क्ट लहान झाल्याचं दाखवलं. तिथून ही सगळी आशा वाढली. पण लँगेनडॉर्फ या उपकरणावर शरीराबाहेर टांगलेल्या हृदयात नुसतं बफर फिरत असतं, एकही पांढरी पेशी नसते, तरी रिपरफ्यूजनची इजा होते: कॅल्शियमचा लोंढा, मायटोकॉन्ड्रियाची छिद्रं उघडणं, हे पहिल्या काही मिनिटांतच घडून जातं. माणसांतले निकालही विसरता येत नाहीत. सीडी१८ अडवणारी प्रतिपिंडं हृदयविकाराच्या झटक्यात देऊन पाहिली: लिमिट एएमआय २००१ मध्ये, ३९४ रुग्ण, हाल्ट-एमआय २००२ मध्ये, ४२० रुग्ण. दोन्हींत इन्फार्क्ट लहान झाला नाही. आयकॅम-१ अडवणारं एनलिमोमॅब २००१ मध्ये पक्षाघाताच्या ६२५ रुग्णांत दिलं, तर रुग्णांची अवस्था अधिक वाईट झाली. दुसरीकडे, नॉर्वेतल्या असेल-एमआय चाचणीत २०२१ मध्ये टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या एका डोसने वाचलेल्या स्नायूचं प्रमाण थोडं वाढलं. दार बंद झालेलं नाही, पण ‘औषधाने एमपीओ उतरलं, म्हणून हृदय वाचलं’ हे वाक्य लिहायची मुभा या किटमधून मिळत नाही.

औषधाने इन्फार्क्ट आधीच लहान झाला असेल, तर बोलावणं कमी म्हणून न्यूट्रोफिलही कमी येतील, आणि एमपीओ उतरेल. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेळ पाहूनच उलगडतं. फक्त २४ तासांचा एक नमुना न घेता २, ६, २४ आणि ७२ तास घ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत न्यूट्रोफिल ओसरून मॅक्रोफेज वाढलेले असतात आणि एमपीओचा अर्थच बदलतो. शेजारच्या कापात पेशी डोळ्यांनी मोजा: केशवाहिनीत अडकलेले किती, ऊतकात शिरलेले किती. किटला हा फरक कळत नाही, दोघांची हजेरी सारखीच लागते. छोट्या उंदरांत न्यूट्रोफिल काढून टाकून प्रयोग करायचा असेल तर न्यूट्रोफिलवरच्या लाय६जी या खुणेविरुद्धचं १ए८ प्रतिपिंड वापरा. जुनं आरबी६-८सी५ मोनोसाइटही उडवतं, मग श्रेय कोणाला द्यायचं हे ठरत नाही.

प्लाझ्मासाठी घेऊ नका म्हटलं, त्याचं कारण सेरुलोप्लाझ्मिन. प्लाझ्मात ते भरपूर असतं आणि एमपीओचं काम दाबतं, त्यामुळे क्रियाशीलता मोजणारं किट तिथे आंधळं होतं. अँजिओप्लास्टीच्या रुग्णांवर काम असेल तर एलायझा (क्रियाशीलता नव्हे, प्रतिपिंडाने एमपीओचं प्रमाण मोजणारं किट) घ्या, आणि माणसाच्या एमपीओचंच घ्या. माणसाच्या एमपीओचा एलायझा उंदराचं एमपीओ ओळखेल असं गृहीत धरू नका. रक्त ईडीटीएच्या नळीत, सीरमच्या नाही, कारण गुठळी होताना न्यूट्रोफिल आपलं एमपीओ ओततात. आणि हेपरिन देण्याआधीचं. हेपरिनचा बोलस रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेलं एमपीओ सोडवतो आणि आकडा उडी मारतो. कॅथलॅबमध्ये हेपरिन कधी गेलं ते मिनिटासकट फॉर्मवर लिहून घ्यायला सिस्टरांना आधीच सांगून ठेवा. प्लाझ्मा वेगळा करून गोठवण्याचं काम त्याच इमारतीत व्हायला हवं. नळी तशीच टॅक्सीत घालून दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवली, तर वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये पेशींतून गळलेलं एमपीओही रुग्णाच्या खात्यावर जमा होतं.

आणि प्रत्येक ऊतकाचा एक तुकडा उणे ८० वर राखून ठेवा. दुसऱ्या प्लेटवर पहिल्या प्लेटमधले किमान दोन नमुने पुन्हा लावता आले, तरच दोन्ही प्लेटचे आकडे एका आलेखात घालता येतात.